फर्नची गोळी

फर्न रपनं उभ्या आयुष्यात एकदाही बंदूक चालवली नाही. हरणांच्या शिकारीच्या हंगामातसुद्धा नाही. आमच्या हार्ट्स गॅपमध्ये हंगाम उघडतो त्या सोमवारी शाळेला सुट्टी असते आणि पाद्रीबुवांपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळा गाव नारिंगी जाकिटं चढवून डोंगरात पसार झालेला असतो. फर्न त्या दिवशी स्वयंपाकघरात कोंबडी-मक्याचं सूप ढवळत बसायची. "मेलेल्या हरणाचे डोळे उघडेच राहतात गं," म्हणायची, "मला नाही बघवत." आणि तरीही आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांपासून पलीकडे ओहायोपर्यंत, जिथं म्हणून बाकावरची नेमबाजी चालते, तिथले भलेभले नेमबाज तिचं नाव आदरानं घ्यायचे. कारण ते ज्या गोळ्या झाडायचे त्या फर्न बनवायची. तळघरात, हातानं, एकेक करून.

बाकावरची नेमबाजी बघायला कुणी हौसेनं जाणार नाही. सिमेंटचं बाक, त्यावर वाळूच्या पिशव्या, पिशव्यांवर रायफल. माणूस तिला धरतसुद्धा नाही. फक्त बोटाचं टोक चापाला लागतं, आणि तो चाप इतका हलका की माशी बसली तरी बार उडेल. समोर शंभर यार्डांवर कागद. त्यावर पाच गोळ्या मारायच्या. मधोमध लागल्या का, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. पाच गोळ्या एकमेकींना किती चिकटून गेल्या, एवढंच मोजायचं. त्याला पुंजका म्हणतात. पाचही एकाच भोकातून गेल्या तर सोनं. भोक एकच असलं तरी कागदामागून दुसरी एक पट्टी हळूहळू सरकत असते, तिच्यावर पाच भोकं वेगवेगळी पडतात, म्हणून लबाडी करता येत नाही. केसभर फरकानं माणसं जिंकतात, केसभर फरकानं हरतात, आणि त्या केसापायी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात. मी स्वतः बघितलेत.

मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा ऑर्विस क्लेपरला विचारलं होतं, "याचा उपयोग काय रे?" क्लेपर म्हणजे मैदानाचा कारभारी, ढेरपोट्या, आवाज भोंग्यासारखा. तो म्हणाला, "बर्नी, तुझ्या मोर्च्यांचा काय उपयोग होतो ते आधी सांग." मी त्याला जे सांगितलं ते इथं लिहीत नाही.

फर्न आणि तिचा नवरा एल्वुड, दोघंही आमच्या कुलुपांच्या कारखान्यातले. मीही तिथलीच, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या खात्यातली. एल्वुड साचे घडवणारा कारागीर. दिवसाला तीन वाक्यं बोलायचा आणि तिसरं वाया गेलं असं त्याला वाटायचं. फर्न कुलपाच्या पोटात पितळी खिळ्या बसवायची. त्या खिळ्या गव्हाच्या दाण्याहून बारीक. बाकीच्या बायका भिंग लावून बसायच्या, ही खिडकीबाहेर बघत गप्पा मारत बसवायची. एखादी खिळी जरा जाड असली की बोलता बोलता बोट थांबायचं आणि खिळी बाजूला उडायची. एल्वुडनं हे बघितलं आणि लग्नाचं विचारलं. फर्न सांगायची, "चेहरा नाही बघितला मेल्यानं. बोटं बघितली."

गोळ्यांचे साचे एल्वुडनं घडवले, पण पहिल्या वर्षभरातच त्याला कळून चुकलं की साचा घडवणं वेगळं आणि त्यातून गोळी काढणं वेगळं. नेमबाजाची गोळी म्हणजे तांब्याचं इवलंसं टोपडं आणि त्याच्या पोटात शिशाचा गोळा. टोपड्याला मेंढीच्या लोकरीचं मेण चोळायचं, शिशाच्या तारेचा तुकडा दाबून त्यात बसवायचा, मग दुसऱ्या साच्यात दाबून टोक काढायचं. सगळं खेळतं ते दाबयंत्राच्या दांड्यावर. दांडा खाली येताना शेवटी हाताला काय लागतं, मऊ की कडक, लवकर की उशिरा, यावरून फर्न सांगायची की ही नीट जाईल आणि ही नाही. जाणारी एका खोक्यात, न जाणारी कॉफीच्या डब्यात. डब्यातल्या गोळ्या मी हातात घेऊन बघितल्यात. माझ्या बापाच्यानं फरक कळला नसता, आणि माझा बाप खाणीत सुरुंग लावायचा.

"यात वाईट काय आहे गं?" मी विचारायची.

"काही नाही. मला आवडली नाही."

टोपडी इतकी बारीक की बोट जिभेला लावून उचलावी लागायची. शेजारी प्रेट्झल नावाच्या खारट बिस्किटांची वाटी. एक टोपडं, एक प्रेट्झल. मेणानं हात तुळतुळीत झालेले. ते हात ती अभिमानानं दाखवायची. "साठीला आले, पण हात बघ. मेंढीची कृपा."

नदीकाठच्या बॅटऱ्यांच्या कारखान्यामागं आम्ही मोर्चेवाले लागलो तो काळ. तो बंद पडून वर्षं झाली होती, पण खालच्या आळीच्या मातीत शिसं होतं आणि पोरं त्या मातीत खेळत होती. शहरातून एक परिचारिका मिळवली, आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये टेबलं मांडली आणि गावाला सांगितलं, या, तपासायला रक्त द्या. आलं कोण? कुणी नाही. डोंगरातली माणसं. बंदुकीला भीत नाहीत, सुईला भितात. दाराशी उभी राहून आत डोकावतायत आणि एकमेकांना ढकलतायत. तेवढ्यात फर्न गुळाच्या काकवीचा पाय, म्हणजे आमच्याकडची भट्टीत भाजलेली, सारण भरलेली गोड पोळी, थाळीत घेऊन आली. माझा पडलेला चेहरा बघितला, थाळी टेबलावर ठेवली आणि बाही वर केली. "घे गं," परिचारिकेला म्हणाली, "माझं घे. डोंगरावर राहते मी, माझ्यात काही सापडायचं नाही, पण या शूरवीरांना जरा लाज वाटेल."

त्यानंतर रांग लागली.

निकाल आले तेव्हा परिचारिकेनं मला फोन करून एकच प्रश्न विचारला. "ही काकवीचा पाय आणणारी बाई काय काम करते?" कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांपेक्षा फर्नच्या रक्तातल्या शिशाचा आकडा वर होता. नुसता वर नाही, कितीतरी वर.

मग एकेक उलगडत गेलं. पोटात कळा यायच्या, ती म्हणायची कोबी बाधला. तोंडाला नाण्यासारखी चव यायची. पेनी चोखल्यासारखं वाटतं, असं मला कधीपासून सांगत होती. साखरेचा डबा बर्फाच्या कपाटात आणि लोणी फडताळात. शहरातला डॉक्टर एल्वुडकडे बघून म्हणाला, हे थांबवा. नाही थांबवलं तर आधी मूत्रपिंड जातील की आधी डोकं, हे मी सांगू शकत नाही. एल्वुडनं मान डोलावली. येताना तिघं मिळून एका खाणावळीत बसलो, तिथं त्यानं त्या दिवसाचं पहिलं वाक्य उच्चारलं.

"बंद."

"काय बंद?" फर्न म्हणाली.

"तळघर."

"मग तूही बंद कर. विक रायफल."

"विकतो."

"खोटारडा! आठ दिवसांत माझ्या स्वयंपाकघरात कोमेजून मरशील. आणि मी काय करू? गोधड्या शिवू? त्या चर्चमधल्या बायकांमध्ये बसून कुणाच्या सुनेला काय येत नाही ते ऐकू?"

फर्ननं कॉफीत दूध ओतलं. ओतताना हात थरथरला आणि बशीत सांडलं. तिघांनीही बघितलं. शेवटी तिनंच मांडवली केली. रबरी हातमोजे घालीन. खाली पंखा बसव. खाली खाणंपिणं नाही. बोट जिभेला नाही. वर येताना कपडे बदलीन. "झालं समाधान? आता तो वाफल खा, थंड होतोय."

एक सांगायलाच हवं. बॅटऱ्यांच्या कारखान्याच्या मालकांचा वकील सुनावणीला आला तेव्हा त्यानं कुठूनतरी फर्नचं ऐकलं होतं. उभा राहून म्हणाला, बघा, या लोकांच्या अंगातलं शिसं यांच्या छंदांतून येतं, आमच्या कारखान्याचा काय संबंध? मी उठून त्याच्यावर ओरडले, मला बाहेर काढलं. पण फर्न आतच होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझं माझ्या तळघरातलं आहे, साहेब. खालच्या आळीतल्या हॉफरच्या पोरीला तळघर नाही. ती तीन वर्षांची आहे आणि ती गोळ्या बनवत नाही." आणि बसली. मला ही बाई नुसती हातांसाठी आवडायची नाही.

त्या हिवाळ्यात तिनं मोजे घालून गोळ्या बनवल्या. आकडा उतरला. पोटाच्या कळा थांबल्या. आणि पुंजके सुटले.

किती सुटले? तुम्हाआम्हाला दिसणार नाहीत इतके. एल्वुड कागद घरी आणायचा, फर्न दिव्याखाली धरायची आणि परत द्यायची. भोकाची कड जिथं गुळगुळीत असायची तिथं आता जरा फाटल्यासारखी दिसायची, एवढंच. "रबरातून हात ऐकत नाही," मला एकदा म्हणाली. "दांडा काहीतरी सांगतोय हे कळतं, पण काय सांगतोय ते नाही कळत. भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं." गिऱ्हाइकांतही कुजबूज सुरू झाली होती. फर्नच्या मालात पूर्वीचा दम नाही. वय झालं. एल्वुड असं काही ऐकू आलं की बंदुकीची नळी पुसत बसायचा.

ऑगस्टात आमच्याच मैदानावर राज्याची स्पर्धा होती. बायकांनी सुपाचा स्टॉल टाकला होता, मी माझ्या अर्जावर सह्या गोळा करत फिरत होते. दुपारच्या फेरीला मी फर्नजवळ जाऊन उभी राहिले. ती नेहमीसारखी दोरीच्या मागं, तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून. पुढं बाकांची ओळ, तिसऱ्या बाकावर एल्वुडची वाकलेली पाठ. मैदानात बाकांपासून कागदांपर्यंत वाऱ्याच्या झेंड्या लावलेल्या असतात. काठीवर फिरकी आणि मागं रिबनीची शेपटी. नेमबाज कागदाकडे कमी आणि या शेपट्यांकडे जास्त बघतात.

पहिला बार झाला. "हं," फर्न म्हणाली.

दुसरा झाला. ती काही बोलली नाही.

"हुकला?" मी विचारलं.

"नाही गं. त्याच भोकातून गेली."

तिसरा. दोरीमागं उभे असलेल्यांत चुळबूळ सुरू झाली. क्लेपरनं आपली दुर्बीण त्या कागदाकडे वळवली. चौथा बार झाला आणि क्लेपरच्या तोंडून, त्या भोंग्याच्या तोंडून, एक कुजबुजता शब्द बाहेर पडला, तो चर्चमध्येच ऐकायला मिळतो. कागदावर एकच भोक होतं, गोळीइतकंच, कड कापल्यासारखी साफ. शेजारच्या बाकावरच्या माणसानं स्वतःची नेमबाजी थांबवली. कुणीतरी म्हणालं, हा पुंजका मोजायला भिंगसुद्धा पुरणार नाही. मी फर्नकडे बघितलं. ती हसत होती. आरशात बघून पोरगी हसते तशी, एकटीच, ओठ मिटून.

आणि एल्वुडनं रायफलवरच्या दुर्बिणीचा डोळा काढला.

फेरी चालू असताना माणूस मागं बघत नाही. एल्वुडनं बघितलं. त्यानं फर्नच्या चेहऱ्याकडे नाही बघितलं, हातांकडे बघितलं. फर्ननं हात अॅप्रनच्या खिशात घातले. त्याचा चेहरा मी बघितलाय आणि तो मी विसरू शकत नाही. अख्खं मैदान टाळ्या वाजवायच्या तयारीत होतं आणि हा माणूस पांढराफटक पडला होता. त्याला मैदानावर कुणीही सांगायची गरज नव्हती. ते भोक बघूनच त्याला कळलं होतं की मोजे उतरलेत.

तो परत वळला. वेळ होता, त्यानं घाई केली नाही. झेंड्यांकडे बघत राहिला. मंद वारा होता, तो पडेपर्यंत थांबला. सगळ्या शेपट्या सरळ खाली लोंबायला लागल्या. एकही फिरकी हलत नव्हती. मग त्यानं रायफलखालच्या टेकूच्या स्क्रूला हात घातला. प्रत्येक बारानंतर सगळेच तो स्क्रू फिरवतात, रायफल जागेवर आणायला. नखभर. एल्वुडनं फिरवला तो नखभर नव्हता.

"हे काय करतोय?" फर्न स्वतःशीच म्हणाली.

पाचवा बार झाला.

दोरीमागून एकदम आवाज आला, अंत्ययात्रेत येतो तसा. भोकापासून अर्धा इंच उजवीकडे, एकटं, दुसरं भोक. त्या खेळात अर्धा इंच म्हणजे पलीकडचं गाव.

क्लेपर धावत बाकापाशी गेला. "एल्वुड! वारा होता का रे?"

"नव्हता."

"चाप लवकर सुटला?"

"नाही."

"मग देवाशपथ, झालं काय?"

एल्वुडनं बंदुकीचा खिट्टा मागं ओढून काढला, पिशवीवर ठेवला. मान वर न करता म्हणाला, "गोळी."

एवढंच. पण ते बोलला कोण? फर्नचा नवरा, तिच्या साच्यांचा कारागीर. पंचवीस वर्षं तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाची गोळी नळीत न घातलेला माणूस. माणसं हळूहळू वळून फर्नकडे बघायला लागली आणि मग पटकन दुसरीकडे बघायला लागली. त्या दुसरीकडे बघण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फर्ननं शांतपणे दुर्बिणीला टोपण लावलं आणि तिपाई मिटली.

परत येताना मी त्यांच्याच पिकअपमध्ये होते. तिघं एका सीटवर, मी दाराशी, फर्न मध्ये. घाट उतरलो.

"किती फिरवलास?" फर्ननं विचारलं.

"अर्धा इंच जाईल इतका."

"वारा पडेपर्यंत थांबलास. वाऱ्यावर जाऊ नये म्हणून."

"हो."

"माझ्यावर यावं म्हणून."

एल्वुड गाडी चालवत होता. "तू मोजे काढलेस."

"मोजे रोज मळवत होते मी. शिसं चोळून. तुला दिसावेत म्हणून."

"किती दिवस?"

"वसंतापासून. त्या गोळ्या आजसाठी राखून ठेवल्या होत्या. चार बघितलीस ना? एल्वुड, बघितलीस ना चार? तशी गोळी मी जन्मात केली नव्हती. मला दांड्यावर कळलं होतं. त्या दिवशी खाली बसून रडले मी. आणि तू ते माणसांसमोर…"

"डॉक्टर म्हणाला..."

"डॉक्टरला मरू दे! जीव माझा आहे."

"माझाही आहे," एल्वुड म्हणाला.

"गाडी थांबव."

त्यानं थांबवली. मी उतरले, फर्न उतरली आणि चालायला लागली. मी तिच्या मागं. एल्वुड आमच्या मागून बैलगाडीच्या चालीनं पिकअप आणत राहिला. मी म्हटलं, "फर्न, मी उद्याच मैदानावर जाते आणि सगळ्यांना सांगते, त्यानं पाचवी मुद्दाम बाहेर घातली." तिनं माझं मनगट असं धरलं की वळ उठला. "खबरदार. मुद्दाम गोळी बाहेर घालणाऱ्याला ती माणसं त्या बाकावर परत बसू देतील? चोरापेक्षा वाईट समजतात ते त्याला. तू तोंड उघडलंस तर माझ्या दारात येऊ नकोस."

"आणि तुझं नाव?"

"माझं नाव त्याला ठाऊक आहे," फर्न म्हणाली. आणि दहा पावलांनी म्हणाली, "होतं."

घरी जाऊन ती तळघरात गेली. त्या वसंतातल्या उरलेल्या सगळ्या गोळ्या कॉफीच्या डब्यात ओतल्या, न जाणाऱ्यांच्या डब्यात, आणि डबा भंगारवाल्याला दिला. साचे दाबयंत्रातून सोडवून, पुसून, रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर एल्वुडच्या ताटाशेजारी ठेवले. "तुझेच आहेत."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते थोडंच आहे. मागण्या बंद झाल्या. बंदुकांच्या दुकानात कुणी तिचं नाव काढलं तर दुसरा म्हणायचा, बिचारी, हात थरथरतात म्हणे. आकडा उतरत गेला. हात थरथरायचे थांबले, अगदी थांबले. साखर साखरेच्या जागी, लोणी लोण्याच्या. डॉक्टर खूश. तो आकडा सांगायला मी उड्या मारत तिच्याकडे गेले होते. ती खिडकीशी बसली होती. म्हणाली, "बरं झालं गं." आणि मग आपली बोटं उघडमीट करून बघत राहिली. "आता स्थिर झालेत बघ. आता काय करू यांचं?"

गोधडीला बसली दोन हिवाळे. जमली नाही. सुई काही सांगत नाही म्हणाली.

दोघं एका टेबलावर जेवायची, एका पलंगावर झोपायची, रविवारी एका गाडीतून चर्चला यायची. बाहेरून बघणाऱ्याला संसार होता. पण पूर्वी एल्वुड मैदानावरून आला की दार उघडायच्या आधी फर्न आतून ओरडायची, "किती?" किती म्हणजे पुंजका किती. तो "किती" त्या दिवसापासून बंद झाला. एल्वुड दुसऱ्यांच्या गोळ्या घेऊन खेळत राहिला, मधल्या नंबरात कुठंतरी, आणि कागद गाडीतच ठेवायला लागला. माझ्या मते त्यानं नेमबाजी सोडली नाही ती एवढ्याचसाठी, की एखाद्या दिवशी ती विचारील. मी त्याला एकदा तोंडावर म्हटलं, "तू तिला वाचवलंस की मारलंस, हे मला अजून कळत नाही." तो म्हणाला, "मलाही." राग मला अजून आहे, आणि तो नेमका कुणावर काढावा हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. रक्त काढायला सुई मी आणली होती, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा आणीन.

फर्न आणखी बरीच वर्षं जगली. फेब्रुवारीत, बर्फ पडत असताना, भांडी पुसता पुसता गेली. हृदय. शिशाचा काही संबंध नाही, डॉक्टर म्हणाला.

दफनानंतरचं जेवण बंबवाल्यांच्या हॉलमध्ये होतं. हॅम, बटाट्याची कोशिंबीर आणि मनुकांचा पाय. आमच्याकडे माणूस गेलं की मनुकांचाच पाय करतात. नेमबाज सगळे आले होते, ओहायोतूनसुद्धा. कॉफी वाटून झाली तेव्हा एल्वुड उभा राहिला. सगळे दचकले. त्याला चार माणसांत बोलताना कुणी ऐकलंच नव्हतं.

"ती पाचवी," तो म्हणाला, "मी घातली. गोळी नव्हती. मी स्क्रू फिरवला. मी मुद्दाम. फर्नची गोळी चांगली होती."

मग क्लेपर उठला, आता काठी घेऊन, आणि त्यानं एल्वुडच्या खांद्यावर हात ठेवला. "चांगला नवरा आहेस तू, एल्वुड. बस. कॉफी घे."

"क्लेपर, मी खोटं बोललो तेव्हा."

"अरे, कोण दोष देतंय तिला? वय होतं. कुणाच्याही हातून एखादी जाते. आम्ही कधीच विसरलो ते."

"बर्नी," एल्वुड माझ्याकडे वळला. "सांग यांना. तू होतीस गाडीत."

मी उठले. सगळं सांगितलं. मोजे, वारा, अर्धा इंच. माझा आवाज चढला असेल, चढतोच. माणसं ताटात बघत राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "बर्नी, आजच्या दिवस तरी भांडू नको गं." आणि एका बाईनं माझ्यापुढं पायचा तुकडा सरकवला. त्यांनी आम्हा दोघांनाही क्षमा केली होती. त्याहून जास्त त्यांना ऐकायचं नव्हतं.

मे महिन्यात मैदान उघडलं तेव्हा एल्वुड सगळ्यांत आधी जाऊन बसला होता. क्लेपरला त्यानं दुर्बिणीशी उभं केलं. आणखी तिघा-चौघांना बोलावलं. "बघा," म्हणाला. "चार एका भोकात घालतो. मग स्क्रू फिरवतो. पाचवी अर्धा इंच उजवीकडे. नेमकी. म्हणजे कळेल."

बाजारात मिळतात त्यांतल्या उत्तम गोळ्या त्यानं घेतल्या होत्या. नळी नवी घातली होती. झेंड्या पडेपर्यंत थांबला. पहिली गेली. दुसरी तिच्या शेजारी, चिकटून नाही. तिसरी खाली. चौथी वर, जरा डावीकडे. क्लेपर खोकला. एल्वुडनं स्क्रूला हात घातला, फिरवला आणि पाचवी मारली.

कागद आणला. पाच भोकं, पाचही सुटी, मूठभर दाणे टाकावेत तशी. वाईट नव्हता पुंजका, कुठल्याही साध्या नेमबाजानं घरी नेऊन भिंतीला लावला असता. क्लेपरनं तो उन्हात धरला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मनापासून बघत होता बिचारा.

"एल्वुड," शेवटी तो हळूच म्हणाला, "यातली मुद्दामची कुठली?"

एल्वुडनं कागद हातात घेतला. बोट एका भोकावर ठेवलं. मग दुसऱ्यावर ठेवलं. मग घडी घालून खिशात टाकला आणि म्हणाला, "परत लावा. नवीन कागद लावा."

क्लेपरनं लावला. तेव्हापासून दर शनिवारी लावतो.